बाकावरची सात नंबर

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा पाय पहिल्यांदा वाकवताना मी त्याला एक प्रश्न विचारते. तुमचा आवडता खेळाडू कोण, आणि का? घाटकोपर स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. दोन खाटा, तीन मशीन, भिंतभर आरसा, आणि गेली बारा-तेरा वर्षं हा प्रश्न. ‘कोण’चं उत्तर लोक पटकन देतात. ‘का’ला अडखळतात, छताकडे बघत विचार करतात, आणि तेवढ्यात गुडघा आणखी थोडा वाकलेला असतो. दुखलं हे त्यांना मागाहून कळतं.

पार्ल्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना जुन्या काळातला एक सलामीवीर आवडायचा. ते म्हणाले, तो चेंडू मारायचा बरा, पण सोडायचा फार सुंदर. मुलुंडच्या एका काकूंना बॅडमिंटन खेळणारी एक मुलगी आवडते, कारण गुण मिळाला की ती घसा फाडून ओरडते. काकूंच्या घरात बाईमाणसाचा आवाज स्वयंपाकघराबाहेर आलेला चालत नाही. साकीनाक्याच्या एका रिक्षावाल्याचा खेळाडू म्हणजे परदेशातला एक गोलकीपर. त्याचं नाव त्याला नीट म्हणतासुद्धा येत नव्हतं. पण गोल झाला की तो गोलकीपर जाळीतला बॉल स्वतः काढून देतो, आपल्या माणसांवर खेकसत नाही, एवढं त्याने टीव्हीवर नीट पाहिलं होतं.

लोक उलट मलाही विचारतात. मी सांगते, सात नंबर. मग त्यांना वाटतं, क्रिकेटमधला कुणीतरी. नाही, ती कबड्डी खेळायची, टीव्हीवर कधी आली नाही, तुम्ही तिला ओळखत नाही. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर तिच्याइतका मोठा खेळाडू मी अजून पाहिलेला नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते, समोरचा हसला तरी.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा आम्ही घाटकोपरच्या डोंगराच्या उतारावर राहायचो. पप्पा जालन्याकडून आलेले, एका औषध कंपनीच्या गोदामात कामाला. त्यांना दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. एकच व्यसन, कबड्डी. उपनगरात कुठेही सामने असोत, कुर्ल्याला, भांडुपला, मुलुंडला, रविवारी दुपारचं जेवण झालं की ते निघायचे. भावाला क्रिकेटशिवाय काही सुचत नव्हतं. तो यायला नाही म्हणाला आणि एकट्याने सामना बघणं पप्पांना जमायचं नाही, कारण बोलायला कुणीतरी लागायचं. म्हणून मला नेऊ लागले. मुलगी म्हणून काही खास विचार केला होता असं नाही. मी मोकळी होते, एवढंच.

पप्पांनी मला खेळ शिकवला तो शेंगा सोलता सोलता. चढाई म्हणजे समोरच्या सात जणींच्या अंगणात एकटीने जायचं, दम न सोडता, कुणाला तरी हात किंवा पाय लावायचा आणि मधली रेषा गाठून परत यायचं. त्यांनी धरलं आणि रेषेपर्यंत पोचता आलं नाही तर तू बाद. पप्पांना स्वतःला चढाई करणारे फारसे आवडायचे नाहीत. त्यांचे आवडते कोपऱ्यातले खेळाडू, घोटा धरणारे. ते म्हणायचे, “चढाईवाल्याला टाळ्या मिळतात, कोपऱ्यावाल्याला माती मिळते.” गोदामात आयुष्य काढलेल्या माणसाला हे का आवडत असेल, ते मला आता कळतं.

सात नंबरला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच वस्तीत, विहारासमोरच्या मैदानात, एप्रिलमध्ये जयंतीनिमित्तच्या सामन्यांत. संघ आमच्याच बाजूचा. ती असेल अठरा-एकोणीसची. काटक, सावळी, केस इतके घट्ट बांधलेले की डोळे ओढल्यासारखे दिसायचे. बाकीच्या मुली चढाईला जाताना पावलं नाचवायच्या. ही सरळ चालत जायची, कुणाच्या तरी घरी निरोप द्यायला निघाल्यासारखी. समोरच्या मुली गोंधळायच्या. आणि त्या गोंधळल्या की हिचा डावा पाय कधी निघाला आणि कुणाला लागला ते पंचांनासुद्धा नंतर कळायचं. पहिल्याच दिवशी तिने एका चढाईत तीन गडी टिपले आणि परत येताना तशीच आली, निरोप देऊन झाल्यासारखी.

मी तिची झाले. घरी पाण्याचा हंडा भरताना एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचे, हंडा भरेपर्यंत दम टिकतो का बघायचे. मम्मी वैतागायची. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर सात हा आकडा वेगवेगळ्या वळणांनी काढायचे. वस्तीतल्या मुलींशी खेळताना डाव्या पायाने टिपायला जायचे आणि दर वेळी धरली जायचे, कारण माझा जोर उजव्या पायात. तरी सोडलं नाही.

दोन वर्षं आम्ही तिचे जवळजवळ सगळे सामने पाहिले. मग तो पार्ल्याचा अंतिम सामना आला.

पार्ल्याचं मैदान आमच्यापेक्षा नीटनेटकं होतं. आखलेल्या रेषा, बसायला खुर्च्या, माइकवर शुद्ध मराठीत बोलणारे गृहस्थ. आम्ही उभे राहिलो, पप्पांना खुर्चीवरून सामना दिसत नाही असं ते म्हणायचे. समोरचा संघ तिथलाच. त्यांच्या उजव्या कोपऱ्यात एक गोरी, ठेंगणी, दोन वेण्या घातलेली मुलगी होती. ती जवळजवळ बसलेलीच असायची, आणि एकदा घोटा हातात आला की सोडायची नाही. पप्पा पहिल्या दहा मिनिटांतच तिचे झाले. मला राग आला, पण त्यांनाही इलाज नव्हता.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत. शेवटची चढाई आमची, म्हणजे सात नंबरची. ती नेहमीसारखी चालत गेली. त्या वेणीवालीने झेप घेतली, हिने पाय मागे घेतला, वरून हात फिरवला आणि परत रेषेवर आली. पंचांनी बोट वर केलं. एक गुण. सामना आमचा. आमच्या बाजूचं सगळं मैदान आत धावलं, मीही धावले.

ती वेणीवाली मात्र जागची हलली नव्हती. ती दोन्ही हात हलवून सांगत होती, लागला नाही, लागला नाही. हे नेहमीचंच. प्रत्येक सामन्यात कुणीतरी असं सांगतंच, आणि पंच लक्ष देत नाहीत. पण त्या दिवशीचे सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, म्हातारे होते आणि शिक्षकासारखे होते. त्यांनी सात नंबरला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “हात लागला का गं?”

ती म्हणाली, “नाही लागला.”

तेवढंच. ना मान खाली, ना मान वर. तिच्या मागे तिच्या संघातल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या होत्या. त्यांना ऐकूच आलं नाही. माइकवरच्या गृहस्थांनी सांगितलं तेव्हा कळलं.

गुण रद्द झाला. बरोबरी म्हणून दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळाल्या. त्यातली आमची शेवटची चढाई पुन्हा तिचीच होती, आणि त्या वेणीवालीने तिचा घोटा धरला तो सोडला नाही. ती मातीत सरपटत रेषेपासून वीतभर अंतरावर थांबली. आम्ही एका गुणाने हरलो.

मला वाटलं होतं पप्पा काहीतरी चांगलं बोलतील. वडील असं काहीतरी बोलतात, शाळेच्या पुस्तकात तरी बोलतात. पप्पा भडकलेले होते. बसस्टॉपवर ते म्हणाले, “वेडी पोरगी. पंचाचं काम पंचाने करायचं. हिने कामून त्याचं काम करावं?” मीही तेच म्हणत होते, रडत रडत. त्या दिवशी पूर्ण मैदानात तिच्या बाजूने कुणी होतं असं मला तरी आठवत नाही. समोरच्या संघाने टाळ्या वाजवल्या, पण ते जिंकले होते.

त्यानंतर तिच्या संघाने तिला काढलं नाही. काढलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी तिला बसवलं. राखीव म्हणून बाकावर. एका कंपनीची माणसं त्या सामन्याला आपल्या संघासाठी मुली निवडायला आली होती, जिंकलेल्या संघातल्या दोघींना नोकऱ्या लागल्या, आणि ही गोष्ट वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. प्रशिक्षक तिच्याशी बोलेनासे झाले होते. सात नंबर मात्र तिचाच राहिला, बहुतेक नवा टी-शर्ट शिवायचा कंटाळा म्हणून.

मी त्या वर्षी सामन्यांना जायचं नाही असं ठरवलं होतं. पप्पांनी ऐकलं नाही. त्यांना बोलायला कुणीतरी लागायचं. त्यामुळे तिला बाकावर बसलेलं मी वर्षभर पाहिलं, आणि मी तिची खरी चाहती झाले ती त्या वर्षात.

लोकांना हे सांगितलं की ते त्या ‘नाही लागला’वरच थांबतात. वा, काय प्रामाणिकपणा, म्हणतात. प्रामाणिकपणाला एक क्षण पुरतो. मोठं काम त्याच्यानंतर असतं. बारा महिने, दर रविवारी, पूर्ण कपडे करून, केस घट्ट बांधून, बूट चढवून यायचं, सगळ्यांबरोबर अंग मोकळं करायचं आणि मग बसायचं. ती बसायची कशी, ते मी बघत राहायचे. राखीव मुली सहसा मागे टेकून बसतात, गप्पा मारतात, पाणी पितात. ही बाकाच्या अगदी कडेला पुढे सरकून बसायची, कोपर गुडघ्यांवर, आणि डोळे कायम समोरच्या संघाच्या पायांवर. तिच्या जागी जिला घेतलं होतं ती मुलगी चढाईला निघाली की ही हळू आवाजात सांगायची, डावीकडून जा, तिसरी घाबरतेय. ती मुलगी आधी ऐकायची नाही. पावसाळा संपल्यावर ऐकायला लागली, आणि तिचे गुण वाढले. तिच्या गुणांना टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिला हात सात नंबरचा असायचा. तोंडदेखल्या टाळ्या मला तेव्हाही ओळखता यायच्या. त्या तशा नव्हत्या.

एकदा मुलुंडला पप्पांनी मला कोपर मारून दाखवलं. बाकावर बसल्या बसल्या तिची बोटं हलत होती. समोरून कुणी चढाईला आली की हिचा हात मांडीवरच उघडायचा आणि बरोबर वेळेला मिटायचा. पप्पा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “ही बसून पकड शिकतेय.”

पुढच्या हंगामात एक मुलगी लग्न होऊन गेली आणि कोपऱ्याची जागा रिकामी झाली. सात नंबरला तिथे उभं केलं, नाइलाजाने. चढाई करणारी मुलगी कोपऱ्यात सहसा टिकत नाही. ही टिकली. इतकी टिकली की पप्पांनी आपला कौल बदलला, आणि आम्ही दोघं पहिल्यांदा एकाच खेळाडूचे चाहते झालो. दोन वर्षांनी खेळाडूंच्या कोट्यातून तिला सरकारी कार्यालयात नोकरी लागली. मग ती कुर्ल्याला राहायला गेली, तिकडून खेळू लागली, माझी दहावी-बारावी आली, सामने सुटले.

मी फिजिओ झाले ते तिच्यामुळे, असं म्हणणं जास्त होईल. पण शरीर कसं बसतं, कसं उठतं, जोर कुठून येतो, हे बघायची सवय मला कॉलेजात लागलेली नाही, ती त्या मैदानांच्या कडेला लागली. पहिल्या वर्षाला आमच्या वर्गात इंग्रजी शाळेतल्या मुली भराभर उत्तरं द्यायच्या आणि मी मागच्या बाकावर बसायचे. मी पुढे सरकून बसायचे, कोपर गुडघ्यांवर ठेवून. एका सरांनी विचारलं होतं, तुझी पाठ दुखते का? मी म्हटलं, नाही सर, बघतेय. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाला मी वर्गात पहिली आले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दवाखान्यात एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, अंगाने थोड्या भरलेल्या, खांद्याला ऑफिसची पर्स. डाव्या गुडघ्यातली गादी झिजलेली, डॉक्टरांनी ऑपरेशन टाळता येतं का बघा म्हणून पाठवलेलं. फॉर्मवर लग्नानंतरचं नाव होतं, ते मला काहीच सांगत नव्हतं. त्या खाटेपर्यंत चालत आल्या, तेव्हा मला काहीतरी जाणवलं, पण दुखऱ्या पायाची चाल फसवी असते. मी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, त्यांना ती खाली दाबायला सांगितली, मग पाय हातात घेऊन वाकवायला सुरुवात केली. आणि नेहमीसारखं विचारलं, आवडता खेळाडू कोण?

त्यांनी छताकडे वगैरे बघितलं नाही. लगेच म्हणाल्या, “पार्ल्याची एक मुलगी होती. कबड्डीत. उजव्या कोपऱ्यात उभी राहायची, दोन वेण्या घालायची.”

मी विचारलं, का?

“तिने घोटा धरला की सुटायचा नाही. मी खूप जणींच्या हातातून सुटलेय. तिच्या कधीच नाही.” मग म्हणाल्या, “आणि धरून झाल्यावर हात देऊन उठवायची.”

माझा हात थांबला असणार, कारण त्यांनी विचारलं, झालं का? मी झालं म्हटलं. त्या दिवशी मी काही बोलले नाही. त्या पुढच्या आठवड्यात आल्या, तेव्हाही नाही. मी रोज माणसांना उघड्या गुडघ्यांनी, वेदनेत बघते. अशा वेळी समोरच्याने मला एक दवाखान्यातली बाई समजावं, त्याहून जास्त काही नको, असा माझा नियम आहे. तिसऱ्या वेळी मी नियम मोडला. मशीन लावून झाल्यावर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं की ताई, मी तुमचे सामने पाहिलेत, विहारासमोरच्या मैदानात, भांडुपला, मुलुंडला, पार्ल्याला. तुम्ही बाकावर होतात त्या वर्षीचे सगळे.

त्या हसल्या. म्हणाल्या, “बाकावरचे सामने कोण बघतं?”

मी बघितले, असं मी म्हटलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही. पार्ल्याच्या सामन्याबद्दल विचारलं. तेव्हा खरं का सांगितलंत, इतकी वर्षं मला हे विचारायचं होतं.

त्या म्हणाल्या, काही मोठं नव्हतं गं. त्या सरांनी विचारलं म्हणून सांगितलं. विचारलं नसतं तर गप्प बसले असते, मी काय हरिश्चंद्र नाही. पंचांनी बोट वर केलं तेव्हा मलाही वाटलं, चला, मिळाला. पण कुणी तोंडावर विचारलं की मला खोटं सुचायलाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात खरं बोलून झालेलं असतं.

मग मी बाकाबद्दल विचारलं. माझ्या डोक्यात इतकी वर्षं त्या शांत बाईचं चित्र होतं. त्या म्हणाल्या की ते वर्ष त्यांनी घरी जाऊन भांडी आपटण्यात घालवलं. आईशी भांडल्या, धाकट्या बहिणीला मारलं एकदा. प्रशिक्षकांना मनात रोज शिव्या घातल्या. “मैदानावर मात्र नाही दाखवलं,” त्या म्हणाल्या. “तिथे दाखवलं असतं ना, तर ते जिंकले असते. आणि बसायचंच आहे तर फुकट कशाला बसायचं?”

हे ऐकून माझ्या मनातली ती लहान झाली का? अजिबात नाही. शांत माणसाने वर्षभर शांत बसणं यात काय आहे? भांडी आपटणाऱ्या मुलीने रविवारी केस घट्ट बांधून येणं, आणि आपल्या जागेवर खेळणाऱ्या मुलीला मनापासून डावीकडून जा सांगणं, हे मला कितीतरी कठीण वाटलं. मी त्यांना तसं सांगितलंही. त्या लाजल्या आणि म्हणाल्या, मशीन बंद कर, चटका बसतोय.

त्या संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. पप्पा आता आमच्याकडेच असतात, डोंगरावरची वस्ती जाऊन तिथे मिळालेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. मम्मी जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना कमी ऐकू येतं, पण कबड्डी शब्द ऐकू येतो. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, तिला घेऊन ये, मला तिच्याशी बोलायचंय.

एका रविवारी त्या खरंच आल्या, हातात संत्री घेऊन. मी चहा टाकायला आत गेले आणि मला वाटलं, पप्पा आता त्यांचं कौतुक करतील, माझी मुलगी तुमची किती मोठी चाहती वगैरे. बाहेरून पप्पांचा मोठा आवाज आला, “पोरी, तू त्या दिवशी चुकलीस.”

मी तशीच बाहेर आले. पप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्या समोर पलंगावर. पप्पांचं म्हणणं होतं की खेळाडूने पंचांचा निर्णय मानायचा असतो, मग तो आपल्या बाजूचा का असेना. खेळाडू पंच व्हायला लागले तर सामना चालायचा कसा? इतकी वर्षं हे त्यांच्या मनात होतं आणि ते ऐकायला योग्य माणूस आज मिळाला होता.

त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “काका, पंचांनीच विचारलं ना? मग त्यांना उत्तर देणं म्हणजे पंचांचं ऐकणंच झालं की.”

पप्पांना हे पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं. ते म्हणाले, ते ठीक आहे, पण शेवटच्या चढाईला तू पुन्हा त्याच कोपऱ्यात कामून गेलीस? तिथे ती वेणीवाली बसली होती, दुसरीकडे जायचं होतं.

त्या म्हणाल्या की तेवढी एक गोष्ट मात्र खरंच चुकली. राग आला होता. स्वतःचा की तिचा, ते आठवत नाही, पण रागाने गेले. पप्पांचा चेहरा उजळला. आपलं एक तरी म्हणणं बरोबर होतं. मग दोघं जे बसले ते चहा थंड होईपर्यंत. त्या पार्ल्याच्या मुलीचं पुढे काय झालं, हेही कळलं. ती आता नाशिकला असते, आजी झाली, दिवाळीला दोघींचा फोन होतो. पप्पांनी तिला नमस्कार सांगायला सांगितलं आणि वर सांगितलं की उपनगरात तिच्यासारखा घोटा नंतर कुणी धरला नाही. समोर बसलेल्या बाईंनी स्वतः पुढे कोपऱ्यात दहा वर्षं काढली होती. त्या म्हणाल्या, खरं आहे काका.

गुडघा अडीच महिन्यांत बरा झाला. ऑपरेशन टळलं. त्या व्यायाम चुकवायच्या नाहीत. मी दहा सांगितले तर दहाच करायच्या, उत्साहाने पंधरा करून सूज आणणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेवटच्या दिवशी आरशासमोर उकिडव्या बसून कशाचाही आधार न घेता उठल्या, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. निघताना त्यांनी सांगितलं की त्या कुर्ल्याला महापालिकेच्या मैदानावर मुलींना शिकवतात, रविवारी सामना आहे, काकांना घेऊन ये.

आम्ही गेलो. आता माती नसते, मॅट असते, निळी आणि पिवळी. मुलींच्या पायात चांगले बूट, गुडघ्यांना पट्टे, कडेला मोबाइल घेऊन उभे असलेले आईवडील. पप्पांना खुर्ची दिली तर त्यांनी ती नाकारली नाही, वय झालंय. ताई संघाच्या बाजूला उभ्या होत्या आणि पहिल्याच मिनिटाला पप्पांनी लांबूनच त्यांना हातवारे करून एक कोपरा सैल आहे असं कळवलं. त्यांनी मान हलवली. मध्यंतरानंतर कोपरा बदललेला होता. पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू संघ तेच चालवतात.

माझं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांच्या संघात एक उंच मुलगी होती, चढाईला फार चपळ, आजूबाजूची पोरं तिचंच नाव घेऊन ओरडत होती. तिने समोरच्या दोघींच्या हातांवरून उडी मारली, गुण घेतला, सगळे नाचले. पण खाली येताना तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूला झुकला. पुढच्या उडीलाही झुकला. अशा गुडघ्याचं दोन वर्षांनी काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे, आणि आत्ता काय केलं तर ते टळतं, तेही. सामना संपल्याची शिट्टी झाली. मी पप्पांच्या हातात पाण्याची बाटली दिली, चपला काढल्या आणि मॅटच्या कडेने त्या मुलीकडे चालू लागले.